गुडघ्याखालची उशी

आमच्या सुनेच्या गुडघ्याखाली मी उशी ठेवली. एवढ्याशा गोष्टीवर काय लिहायचं, असं तुम्हाला वाटेल. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

गेल्या आषाढात मळ्याच्या वाटेवर तिची स्कूटर चिखलात घसरली. पाय जमिनीत रुतला आणि अंग फिरलं. गुडघ्याच्या आतलं लिगामेंट तुटलं. सूज उतरल्यावर शहरातल्या दवाखान्यात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. मांडीच्या मागची दोरीसारखी शीर काढून तुटलेल्या जागी बसवली. घरी सोडताना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, गुडघा आधी पूर्ण सरळ झाला पाहिजे. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा अधांतरी सोडायचा, दहा-दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. रोज थोडं थोडं वाकवायचंही, दोन आठवड्यांत ९० अंशांपर्यंत. आणि गुडघ्याखाली उशी मात्र कधीच घ्यायची नाही.

मी मान डोलावली. तिसऱ्या रात्री ती कण्हायला लागली. सुजलेला गुडघा किंचित वाकलेला असला की बरा वाटतो. मी कापसाची मऊ उशी हळूच खाली सारली आणि तिला झोप लागली. मग रोजच ती उशी तिथं राहिली.

दिवसा व्यायामाला बसलं की ती ओरडायची. आमची घरं भिंतीला भिंत लागून. शेजारच्या काकू विचारत आल्या, "काय हो वैनी, सुनेला काय करताय?" हसतच विचारलं त्यांनी, पण मला लागलं. सासूच्या हातात सुनेचा दुखरा पाय आणि आतून किंकाळी, बाहेर काय अर्थ लागणार? बस्तीत गेलं की बाया माझ्याकडंच बघतायत असं वाटायचं. दहा मिनिटांची मी पाच केली, पाचाची दोन. "राहू दे गं, उद्या करू." तिचे डोळे भरून यायचे. गावात म्हणू लागले, सासू आईसारखी करते. ते ऐकून मला फार बरं वाटायचं, हे इथं लिहायलाच हवं.

सहा आठवडे झाले तरी गुडघा सरळ होईना आणि ७० अंशांच्या पुढं वाकेना. ती लंगडत चालायची. डॉक्टरांनी समजावलं. कातडीला खरचटलं की वण धरतो, तसाच सांध्याच्या आतही धरतो. सांधा हलता राहिला तर तो वण लवचीक राहतो. नाही हलला तर आतले पापुद्रे एकमेकांना चिकटतात, गुडघ्याची वाटीसुद्धा जागची सरकत नाही. शरीर जखम सांभाळायलाच जातं आणि सांधा अडकवून ठेवतं. मी उशीचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, सगळंच त्यामुळं नाही, काहींच्या शरीराला वण जास्तच धरतो. पण उशीनं भर घातली.

त्या वर्षी क्षमावाणीला मी सगळ्यांची क्षमा मागितली, शेजारच्या काकूंचीही. सुनेपुढं हात जोडले, पण कशाबद्दल ते बोलले नाही.

आमचं गाव सदलगा. विद्यासागर महाराजांचा जन्म इथलाच, १९४६ सालचा. १९६८ मध्ये अजमेरला दीक्षा घेतल्यापासून ते अनवाणीच चालले. शांतिसागर महाराजांचं भोज गाव इथून जवळच. डोळ्यांनी दिसेना, जीवजंतू पाहून पाऊल टाकता येईना, म्हणून त्यांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली. आपले मुनी उभ्यानंच आहार घेतात. पाय उभं राहू देईनात तर आहारच सुटतो. असं ऐकत वाढलेली मी. दुःख सोसण्याचं कौतुक आमच्या घरात कमी नाही. पण कायक्लेश हे तप ज्याचं त्यानं स्वीकारायचं असतं. सुनेचं दुखणं तप म्हणून तिच्यावर घालायचा अधिकार मला नव्हता, आणि तिच्या वतीनं ते टाळायचाही नव्हता.

स्वाध्यायात नांगरणाऱ्या शेतकऱ्याची आणि कोळ्याची गोष्ट आपण सगळ्याच ऐकतो. शेतकऱ्याच्या नांगराखाली जीव मरतात, कोळ्याच्या जाळ्यात एखादे दिवशी मासाही येत नाही, तरी हिंसेचा भार कोळ्यावर जास्त. मी ही गोष्ट नेहमी बाहेरच्यांना लावली. स्वतःला लावून बघितली तेव्हा घाबरले. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंच्या हातून सून रडायची, माझ्या हातून झोपायची. उमास्वामींनी हिंसेच्या व्याख्येत प्रमाद घातलाय. माझ्या मऊ उशीत प्रमाद होता, आणि त्याखाली लोक काय म्हणतील ही भीती होती. पोटच्या मुलीचा गुडघा असता तर मी काकूंना दारातूनच परत पाठवलं असतं. मग करुणा म्हणून मी गावात मिरवली ती नेमकी कुणासाठी होती?

दिवाळीनंतर पुन्हा भूल देऊन आतलं चिकटलेलं सोडवलं. त्याच संध्याकाळी व्यायाम सुरू. या वेळी मी नीट शिकून घेतलं. जोरानं रेटायचंही नाही. गुडघा गरम लागला, सूज वाढली, तर त्या दिवशी जास्त झालं समजायचं. रेटलं तरी आत पुन्हा वण वाढतो. आम्ही दोघींनी ठरवलं, ती "थांबा" म्हणेल तिथं थांबायचं, तिनं म्हणायच्या आधी नाही. आणि एक दिवस टाचेखाली गुंडाळी ठेवता ठेवता मी तिला काकूंचं, बस्तीतल्या बायांचं सगळं सांगून टाकलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आत्ती, मला वाटायचं तुम्हाला माझं ओरडणं सोसत नाही." तेही खरंच होतं, पण तेवढंच नव्हतं, असं मी म्हणाले.

गुडघा आता सरळ झालाय, वाकायचा थोडा राहिलाय. परवा बस्तीत तिनं वंदनेसाठी गवासनात बसायचा प्रयत्न केला. माझा दंड धरून अर्ध्यावर आली, ओठ घट्ट आवळलेले. मागं कोण बसलंय ते मी बघितलं नाही. तिनं अजून "थांबा" म्हटलं नव्हतं.