क्षणाची साक्ष आणि युगाचें चरित्र

जी वस्तु बदलतांना आपण कधीं पाहिली नाहीं, आणि कोणीहि मनुष्य कधीं पाहूं शकणार नाहीं, ती बदलली असें म्हणण्याचा अधिकार आपणांस कोठून येतो? प्रश्न प्रथमदर्शनीं तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याचा वाटेल; परंतु त्याच्या पोटीं नीतीचाहि एक प्रश्न दडलेला आहे. ज्याचें म्हणणें पडताळून पाहण्याचें साधन ऐकणाराजवळ नाहीं, त्यानें बोलतांना कोणतें पथ्य पाळावें? इतिहासकार, वैद्य, न्यायाधीश या सर्वांसच हा प्रश्न थोडाबहुत लागू आहे. पण तो अगदीं निर्भेळ स्वरूपांत पाहावयाचा असेल तर ज्योतिःशास्त्राच्या एका शाखेकडे वळलें पाहिजे. दीर्घिकांचे समूह कसे वाढत गेले याचा क्ष-किरणांच्या साहाय्यानें शोध घेणारी ती शाखा होय.

आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका. अशा शेंकडों, क्वचित् हजारावरहि, दीर्घिका परस्परांच्या गुरुत्वाकर्षणानें बांधल्या जाऊन एकत्र नांदतात. त्या कुटुंबकबिल्यास दीर्घिकासमूह म्हणावयाचें. १९५८ सालीं जॉर्ज एबेल यानें पालोमार येथील दुर्बिणीनें घेतलेल्या छायाचित्रांच्या काचा डोळ्यांखालीं घालून २,७१२ समूहांची यादी सिद्ध केली. त्या वेळीं समूह म्हणजे दीर्घिकांचा घोळका, एवढीच समजूत होती. ती बदलण्यास पृथ्वीचें वातावरण ओलांडावें लागलें, कारण क्ष-किरण आपल्या हवेंतून खालीं उतरत नाहींत. १२ डिसेंबर १९७० रोजीं केनियाच्या किनाऱ्यालगत समुद्रांत उभारलेल्या तळावरून एक लहानसा उपग्रह उडाला. तो दिवस केनियाच्या स्वातंत्र्याचा वर्धापनदिन, म्हणून त्याला 'उहुरू' हें नांव मिळालें. स्वाहिली भाषेंत त्याचा अर्थ स्वातंत्र्य. दीर्घिकांच्या मधल्या ज्या जागेस आपण रिकामी समजत होतों ती सगळीच्या सगळी क्ष-किरणांनीं उजळलेली आहे, हें या उपग्रहाच्या वेधांवरून दिसून आलें. पुढें १९७६ सालीं 'एरिएल-५' या उपग्रहास ययाति-समूहाच्या वर्णपटांत लोहाची रेषा आढळली, आणि हा उजेड कोट्यवधि अंश तापलेल्या वायूचा आहे याविषयीं शंका उरली नाहीं. हा वायु इतका विरळ कीं एक घनमीटर जागेंत त्याचे हजारभर कण सांपडावे. तरी त्याचें एकूण वजन समूहांतील सर्व दीर्घिकांच्या सर्व ताऱ्यांहून कितीतरी पटींनीं अधिक भरतें. आणि तारे व वायु मिळूनहि समूहाच्या वस्तुमानाचा सहावा हिस्सा जेमतेम होतो. बाकीचें सारें कृष्णद्रव्य, जें कोणत्याच किरणांनीं दिसत नाहीं. घरांतील माणसें मोजून घराचें वजन काढूं पाहणाराची जी गत व्हावी तीच येथें झाली.

आतां हे समूह वाढतात कसे? लहान समूह मोठ्यांत पडतात, मोठे मोठ्यांवर आदळतात, वायु ढवळून निघतो, तापतो, आणि पुन्हा निवांत होतो. या एका उलाढालीस लागणारा काळ शंभर कोटी वर्षांच्या मापानें मोजावा लागतो. आणि आमचें पाहणें तर अर्धशतकाहून थोडेंसेंच अधिक झालें आहे. तेव्हां एकच समूह जन्मापासून वार्धक्यापर्यंत पाहण्याची गोष्टच नको. उपाय एकच राहतो. ययाति-समूहाचा जो उजेड आज येतो तो सुमारें २४ कोटी वर्षांपूर्वीं निघालेला. २०१२ सालीं प्रसिद्धीस आलेल्या 'एल गोर्डो' नांवाच्या प्रचंड समूहाचा उजेड ७०० कोटी वर्षांपूर्वींचा. म्हणजे दूरचे समूह पाहणें म्हणजेच जुना काळ पाहणें. एकाचें बालपण, दुसऱ्याचें तारुण्य, तिसऱ्याची प्रौढावस्था अशीं भिन्न भिन्न समूहांचीं क्षणचित्रें ओळीनें मांडून त्यांतून एक चरित्र रचावयाचें. विल्यम हर्शेल यानें १७८९ सालींच आकाशाला बागेची उपमा दिली होती. बागेंत अंकुर, फुललेलें झाड व वठलेलें झाड हीं एकाच वेळीं दिसतात, आणि त्यावरून झाडाचा जीवनक्रम ध्यानांत येतो; त्यासाठीं कोणी शंभर वर्षें तेथें बसून राहत नाहीं.

या रीतीनें मिळालेलीं फळें क्षुल्लक नाहींत. २००९ सालीं विख्लिनिन व त्याचे सहकारी यांनीं ३७ दूरचे व ४९ जवळचे समूह, 'चंद्रा' या वेधशाळेनें मोजलेले, एकमेकांसमोर ठेवले. (आपल्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखरांच्या नांवानें ही वेधशाळा १९९९ पासून आकाशांत फिरत आहे.) दूरच्या, म्हणजे जुन्या, काळीं भारी समूह बरेच विरळ होते, आणि अलीकडच्या काळांत त्यांच्या वाढीला जो लगाम बसलेला दिसतो, तो विश्वाचें प्रसरण वेग घेत असल्यावांचून उलगडत नाहीं. हीच वार्ता १९९८ सालीं स्फोट पावणाऱ्या दूरच्या ताऱ्यांनीं दिली होती. दोन साक्षीदार, एकमेकांस न भेटलेले, एकच जबानी देतात असें म्हटलें तरी चालेल.

येथपर्यंत सर्व ठीक. परंतु आमचा संशयी मित्र विचारतो: "हें सारें अनुमानच ना? पाहिलें कोणीं?" त्याला उत्तर देतांना आपल्या जुन्या नैयायिकांची आठवण होते. अनुमानाचा 'सामान्यतोदृष्ट' म्हणून जो प्रकार ते सांगतात, त्याचें वात्स्यायनानें न्यायभाष्यांत दिलेलें उदाहरण प्रसिद्ध आहे. एका ठिकाणीं पाहिलेला मनुष्य दुसऱ्या ठिकाणीं दिसला तर तो मध्यंतरीं चालून गेला असला पाहिजे. सूर्यहि एका ठिकाणीं दिसून मग दुसऱ्या ठिकाणीं दिसतो. तस्मात् चालतांना दिसत नसला तरी सूर्य चालतोच. आज शाळेंतलें मूलहि सांगेल कीं फिरते ती पृथ्वी. अनुमानाचा मासला म्हणून दिलेलें उदाहरणच फसावें, यांत वात्स्यायनाची थट्टा करण्याजोगें मात्र कांहीं नाहीं. बदल झाला हें त्याचें म्हणणें खरेंच होतें. तो बदल पाहिलेल्या वस्तूचा कीं पाहणाराच्या पायांखालील भूमीचा, एवढेंच विचारावयाचें राहून गेलें.

आमच्या मतें अनुमानाचा सगळा धोका आणि सगळें पावित्र्य या एका प्रश्नांत आहे. संशयी मित्राचें म्हणणें आम्ही मान्य करीत नाहीं. शेजाऱ्याच्या दुःखापासून स्वतःच्या जन्मतिथीपर्यंत ज्या गोष्टी आपण निःशंक मानतों त्यांतील बहुतेक आपण पाहिलेल्या नसतात. केवळ प्रत्यक्षावर जगूं म्हणणाराला एक दिवसहि काढतां यावयाचा नाहीं. पण अनुमानास नैयायिकांनीं जी अट घातली ती विसरूं नये. जेथें धूर तेथें अग्नि, हें खरें. जेथें अग्नि तेथें धूर, हें मात्र सरपण ओलें असेल तरच खरें. या लपून राहिलेल्या ओल्या सरपणास त्यांनीं 'उपाधि' म्हटलें. दीर्घिकासमूहांच्या चरित्रांत असें ओलें सरपण कोठें आहे?

एखाद्या अमावास्येच्या रात्रीं घाटमाथ्यावर उभें राहून खालच्या गांवांकडे पाहावें. ज्या घरीं ग्यासबत्ती जळते तें घर दुरूनहि दिसतें. जेथें चिमणी मिणमिणते तें पायथ्याच्या गांवांतलें असेल तरच दिसेल, पलीकडच्या गांवांतलें दिसणार नाहीं. आतां या पाहण्यावरून कोणी टिपण केलें कीं पलीकडचा गांव सारा सधन असून पायथ्याचा गांव तेवढा गरीब आहे, तर त्यानें लिहिलेला शब्द न् शब्द पाहिलेलाच असेल, आणि निष्कर्ष तेवढा साफ चुकीचा असेल. (मोठमोठ्यांचीं आत्मचरित्रें वाचून मागल्या पिढीच्या संसाराचें चित्र रेखाटणारांस हें कितपत लागू पडतें, तें वाचकांनींच पाहावें.) क्ष-किरणांच्या बाबतींत अगदीं हेंच घडतें. वायूची दाटी दुप्पट झाली कीं त्याचा उजेड चौपट होतो. म्हणून ज्या समूहाच्या मध्यभागीं वायु निवून दाट बसला आहे, तो ग्यासबत्तीसारखा लांबून डोळ्यांत भरतो. ज्याचा वायु नुकत्याच झालेल्या टकरीनें विसकटलेला आहे, तो तितकाच भारी असून मागें राहतो. क्ष-किरणांनीं निवडलेल्या समूहांत असे शांत, दाट गाभ्याचे समूह दहांत सहाच्या जवळपास भरले. मग २००९ सालीं सोडलेल्या 'प्लांक' या युरोपीय उपग्रहानें समूह निराळ्याच मार्गानें हुडकले. विश्वाच्या आरंभापासून सर्वत्र भरून राहिलेल्या सूक्ष्मलहरींवर हा तप्त वायु जी सावली पाडतो, तिच्यावरून. सावली दाटीच्या प्रमाणांत पडते, दाटीच्या वर्गाच्या नव्हे. या निवडींत शांत गाभ्याचे समूह दहांत तीनच निघाले! दोन्ही गणना प्रामाणिक होत्या. पण शांत होणें ही बहुतेक समूहांची रीत आहे कीं थोड्यांचें भाग्य, या प्रश्नाचें उत्तर गणनेपूर्वीं कोणता दिवा हातीं धरला यावर ठरत होतें.

अशा वेळीं तिसऱ्या साक्षीदाराचा उपयोग होतो. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें ज्या रेडिओ दुर्बिणी आहेत त्यांनीं अनेक भारी समूहांचे वेध घेतले. समूहभर पसरलेलें रेडिओ-तेज मुख्यतः त्याच समूहांत मिळतें, जे क्ष-किरणांत विसकटलेले दिसतात. शांत समूहांत तें बहुधा मिळत नाहीं. टकरीची कल्पना त्यामुळें पुष्कळच बळावली.

केवळ बुद्धीनें रचलेली पुढची पायरी आकाशांत नसते, असेंहि या शास्त्रानें एकदां अनुभवलें आहे. दाट गाभ्यांतील वायु उजेड देऊन निवत जाणार, निवून आंत कोसळणार, आणि वर्षाला शेंकडों सूर्यांइतके तारे घडणार, असें १९७७ पासून गणित सांगत होतें. दोन तपें त्यावर निबंध लिहिले गेले. २००१ च्या सुमारास नव्या वेधशाळांनीं वर्णपट घेतले तेव्हां तो अतिशय निवलेला वायु जवळजवळ नव्हताच. मध्यावरील दीर्घिकेच्या उदरांतलें कृष्णविवर वायूंत प्रचंड बुडबुडे फुंकून त्यास पुन्हा ऊब देत असावें, हा विचार मग पुढें आला, आणि ययाति-समूहाच्या चित्रांत ते बुडबुडे स्पष्ट दिसलेहि. आम्हांस यांत शास्त्राची नामुष्की दिसत नाहीं. जें विधान चुकूं शकतें आणि चुकल्यावर सोडलें जातें, तेवढ्यालाच ज्ञान म्हणण्याची हिंमत करावी.

परंतु बुडबुडे असणें निराळें आणि त्यांनीं वायु किती ढवळला हें मोजणें निराळें. त्यासाठीं वर्णपटाची रेषा अत्यंत बारकाईनें वाचणारें यंत्र हवें होतें, आणि त्या यंत्राची कथा ऐकण्यासारखी आहे. जपानी शास्त्रज्ञांनीं अमेरिकन सहकाऱ्यांसह तें प्रथम सोडलें फेब्रुवारी २००० मध्यें, अग्निबाणच बिघडला. दुसऱ्यांदां 'सुझाकू' उपग्रहावर, जुलै २००५ मध्यें. यंत्र थंड ठेवणारा द्रव हीलियम महिन्याभरांत उडून गेला आणि तें निकामी झालें. तिसऱ्यांदां 'हितोमि', म्हणजे डोळ्याची बाहुली, १७ फेब्रुवारी २०१६ रोजीं. या वेळीं यंत्र चाललें. सुरुवातीच्या चांचणीच्या दिवसांतच तें ययाति-समूहाकडे वळवलें गेलें, आणि एक संख्या हातीं आली: गाभ्याभोंवतालच्या वायूची खळबळ सेकंदास सुमारें १६४ किलोमीटर. अशा धुमश्चक्रीच्या जागेच्या मानानें हें फारच सौम्य. २६ मार्च रोजीं उपग्रहाशीं संबंध तुटला. पुढें जपानी अवकाशसंस्थेनें कारणें उघडपणें प्रसिद्ध केलीं. उपग्रह स्थिर असतां त्याच्या दिशादर्शक व्यवस्थेनें तो फिरत आहे असा ग्रह करून घेतला, ती 'गति' थांबविण्यासाठीं त्याला उलट फिरविलें, आणि शेवटच्या उपायांत चुकीची आज्ञा भरलेली असल्यामुळें वेग वाढून त्याचे अवयव तुटून पडले. वात्स्यायनाच्या सूर्याची चूक, फक्त या वेळीं तिची किंमत हिशेबांत मांडतां येण्यासारखी होती.

सोळा वर्षांत तीन यंत्रें आणि एका समूहाची एक संख्या, हा व्यवहार तोट्याचा कीं नफ्याचा, असा प्रश्न कोणी केल्यास आम्हांस त्याचें उत्तर चटकन् देतां येत नाहीं. ज्यांनीं उमेदीचीं वर्षें त्या यंत्रांत घातलीं, त्यांपैकीं कित्येकांच्या वांट्यास कोणतीच संख्या आली नसेल. तथापि त्यांनीं चौथ्यांदां तें बांधलें. ७ सप्टेंबर २०२३ रोजीं 'क्रिझम' हा उपग्रह गेला. त्याच्या यंत्रापुढील संरक्षक दार मात्र आकाशांत पोंचल्यावर उघडेना. प्रयत्न केले, तरी उघडलें नाहीं. दारांतील पातळ बेरिलियमच्या पडद्यांतून प्रखर किरण आंत येतात, सौम्य किरण अडतात. त्याच बंद दारांतून ययाति, अरुंधती-केश आणि नरतुरंग या दिशांच्या समूहांतील वायूचे वेग मोजले गेले आहेत. आणि त्या वेधांवर जे निबंध प्रसिद्ध होत आहेत त्यांत, दार बंद होतें आणि त्यामुळें अमुक इतक्या ऊर्जेखालचे किरण आम्हीं पाहिलेले नाहींत, हें नमूद केलेलें असतें.