सद्हेतू पुरेसा आहे काय?

हेतू शुद्ध असला म्हणजे कृत्य निर्दोष ठरते, असे आपण सहज बोलून जातो. हे कितपत खरे आहे, ते अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या उदाहरणावरून पाहू.

वेळेपूर्वी जन्मलेल्या बालकाची फुप्फुसे कच्ची असतात. म्हणून पुष्कळदा त्यास श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागते. परंतु त्यावर फार दिवस राहिल्याने फुप्फुसांस इजा होते. ती टळावी म्हणून गेल्या शतकाच्या अखेरीस अनेक देशांतील डॉक्टर अशा बालकांस डेक्सामेथासोन हे औषध देऊ लागले. गुण लवकर दिसे. बालक यंत्रावरून सुटे आणि आईबापांचा जीव भांड्यात पडे. डॉक्टरांचा हेतू निर्मळ होता.

तथापि मेंदूस अपाय झाला की नाही, हे पाळण्यात कळत नाही. मूल बसू-चालू लागण्याच्या वयात कळते. तैवानातील डॉक्टरांनी अशा मुलांस पुन्हा तपासून 1998 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांस जन्मानंतर लगेच हे औषध मिळाले होते, त्यांच्यात हालचालींचे व्यंग अधिक आढळले. पुढे 2002 साली अमेरिका व कॅनडा येथील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी हे औषध सरसकट देऊ नये, असे सांगितले.

मग औषधच वाईट काय? तसेही नव्हे. अकाली प्रसूतीपूर्वी तेच आईस टोचले असता बालकाची फुप्फुसे पक्व होण्यास साहाय्य होते. भारतासह 5 देशांत झालेल्या चाचणीचे फळ 2020 साली प्रसिद्ध झाले. औषध मिळालेल्या मातांची शेकडा 19.6 बालके पहिल्या 28 दिवसांत दगावली. न मिळालेल्यांची 23.5. औषध एक, हेतू एक; परंतु वेळ निराळी, म्हणून फळ निराळे.

तात्पर्य, सद्हेतू हा सत्कृत्याचा आरंभ होय, त्याचा पुरावा नव्हे. ज्याचे हित केले त्याचे पुढे काय झाले, हे पाहण्याचे कष्ट जो घेत नाही, त्याची दया अर्धीच राहिली.

प्रिय वाचकहो, हा नियम केवळ डॉक्टरांस नाही. तुमच्यापैकी कित्येकांचे नातलग घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीकडे राहतात. तेथील एखादे कुटुंब असे बालक रुग्णालयातून घरी आणते. ते दूध पिते, हसते; मग रोजगार बुडेल म्हणून पुढील तपासणीची तारीख चुकते. वस्तुतः तीच तारीख मोलाची. मूल मागे पडत आहे हे लवकर कळले, तर व्यायामाच्या उपचारांनी बरेच साधते. मूल उशिरा चालते म्हणून आईस बोल लावणे सोपे आहे. त्यापेक्षा शेजारणीने एक दिवस तिची धाकटी मुले सांभाळावी, म्हणजे तिला रुग्णालयात जाता येईल.