'नको'ही म्हणता यावं

१९३५च्या डिसेंबरात संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर अमेरिकेहून वर्ध्याला गांधीजींना भेटायला आल्या. बाईच्या हाती साधन द्या, हा त्यांचा आग्रह. गांधीजींचा भर संयमावर. बाईनं नवऱ्याला 'नाही' म्हणायला शिकावं, असं त्यांचं म्हणणं. दोघांचं एकमत झालं नाही. पण त्याच वर्षी गांधीजींनी एका मुलाखतीत सांगितलं होतं, की पुरुषानं स्वखुशीनं नसबंदी करून घेतली तर आपली हरकत नाही, कारण आक्रमक तोच असतो.

घडलं नेमकं उलटं.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुष नसबंदीचा आकडा ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, पोटाला हातही लावावा लागत नाही. तरी ऑपरेशन टाक्याचं असो वा दुर्बिणीचं, टेबलावर बाईच.

धर्माचा आक्षेप वेगळा आहे. सहावे पोप पॉल यांनी १९६८च्या 'ह्युमाने व्हिते' या पत्रात स्त्रीची आणि पुरुषाची, कायमची आणि तात्पुरतीही नसबंदी निषिद्ध ठरवली. अनेक मुस्लिम धर्मशास्त्रज्ञ तात्पुरती साधनं चालवून घेतात, कायमचं ऑपरेशन नाही. देह माणसाच्या मालकीचा नाही, ती ठेव आहे, ही यामागची श्रद्धा. ती गंभीरपणे घ्यायला हवी. कारण देह जिचा तिच्याही मालकीचा नसेल, तर तो सरकारचा, नवऱ्याचा किंवा सासूचा कसा होईल?

सरकारनं तो आपला मानला, तेव्हा काय झालं हे देशानं पाहिलं. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानं मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते अमलात आलं नाही. नोव्हेंबर २०१४मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली गेली, आणि त्यानंतर त्यांच्यातल्या अनेकजणी दगावल्या. अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६मध्ये सांगितलं.

सरकारी नियमांनुसार या ऑपरेशनला नवऱ्याची संमती लागत नाही. तिची सही किंवा अंगठा पुरतो. पण अंगठा उमटण्याआधी तांबी, गोळ्या, इंजेक्शन आणि नवऱ्याची नसबंदी हे पर्याय तिला कुणी नीट समजावले का? आणि 'नको' म्हणून ती तशीच घरी परतली असती, तर त्या संध्याकाळी घरात तिच्याशी कोण कसं वागलं असतं?