धावपट्टीखालची जमीन

सॅन होजेच्या पूर्व भागात रीड-हिलव्ह्यू नावाचा छोटा विमानतळ आहे. १९३९ साली रीड बंधूंनी सुरू केलेला, १९६१ साली सँटा क्लारा काउंटीने विकत घेतलेला. इथून प्रवासी विमानं सुटत नाहीत. दोन-चार आसनांची विमानं, त्यांचे हौशी मालक आणि शिकाऊ वैमानिक, एवढाच कारभार. जमीन साधारण १८० एकर, म्हणजे सहा शिवाजी पार्क सहज मावतील. चहूबाजूंना दाट वस्ती, बरीचशी लॅटिनो आणि व्हिएतनामी कुटुंबांची. घरांच्या किमती ऐकून आम्हा इंजिनियर मंडळींनाही घाम फुटतो अशा शहरात, एवढी जमीन मूठभरांच्या हौसेला का द्यायची?

या वादात दोन प्रश्नांची गल्लत होते. पहिला शिशाचा. गाड्यांच्या पेट्रोलमधलं शिसं अमेरिकेने १९९६ मध्ये आणि भारताने २००० मध्ये हद्दपार केलं. छोट्या विमानांच्या पेट्रोलमध्ये मात्र ते राहिलं, कारण जास्त ताकदीच्या इंजिनांना त्याशिवाय पुरेसा ऑक्टेन मिळत नव्हता. काउंटीने करवून घेतलेल्या पाहणीत २०२१ मध्ये दिसलं, की विमानतळाजवळच्या, त्यातही वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त आहे. वैमानिकांच्या संघटनांनी त्या आकड्यांवर शंका घेतल्या. पण इथे तराजू काढायची गरजच नाही. कुणाची हौस किती मोठी आणि मुलं किती, हा हिशेब मांडणंच मला गैर वाटतं. काउंटीने जानेवारी २०२२ पासून शिसेयुक्त इंधनाची विक्री थांबवली. पुढे २०२४ मध्ये जास्त ऑक्टेनचं शिसेविरहित इंधनही तिथे मिळू लागलं. बाहेरून टाकी भरून येणाऱ्या विमानांचा प्रश्न उरतो, पण तोही इंधनाचाच. विमानतळ बंद करण्याचं कारण तो होत नाही.

उरतो जमिनीचा प्रश्न. आमच्या धंद्यातली सवय अशी, की सर्व्हर बराच वेळ रिकामा दिसला की तो बंद करून पैसे वाचवायचे. एकरी किती माणसं वापरतात हे मोजलं, तर हा विमानतळ पहिल्याच फेरीत बाद होईल. (गोल्फची मैदानंही होतील, पण त्यांच्यावर एवढा राग निघताना दिसत नाही.) वैमानिकांचं उत्तर असतं, की आणीबाणीला राखीव काहीतरी हवंच. ते खोटं नाही. १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात डोंगरातले रस्ते तुटले, तेव्हा वॉटसनव्हिलच्या छोट्या विमानतळावर हौशी वैमानिकांनीच मदत पोचवली होती. पण त्यासाठी धावपट्टी लागते, खासगी विमानांचे तबेले नव्हेत. सॅन होजे स्टेट विद्यापीठाचा विमानविद्येचा विभाग इथे आहे, ही बाजू मला जास्त वजनदार वाटते. उद्याचे वैमानिक कुठेतरी शिकणारच, आणि शहराबाहेर तासभर गाडी हाकत जाणं सगळ्यांना परवडत नाही.

तरीही मला जास्त खटकते ती दुसरी गोष्ट. केंद्र सरकारच्या अनुदानाच्या अटी २०३१ मध्ये संपतात, आणि त्यानंतर, जमलं तर आधीच, काउंटीला विमानतळ बंद करायचा आहे. मग जमीन कुणाची होणार? ‘घरं बांधू’ हे उत्तर ऐकायला छान आहे. बाजारभावाने बांधली, तर ती माझ्यासारखे लोक घेतील. आसपासची भाडी वाढतील, आणि इतकी वर्षं आवाज आणि धूर सोसलेली कुटुंबं ट्रेसीकडे किंवा त्याहून लांब सरकतील. विमानतळ हटवण्याचं समर्थन त्यांच्या मुलांच्या नावाने करायचं आणि जमीन मात्र आम्ही घ्यायची, हे मला पटत नाही.

म्हणून माझं मत अटीचं आहे. ज्यांनी सोसलं त्यांचा हक्क पहिला, आणि तो बंद करण्याच्या ठरावातच लिहिलेला हवा: त्यांना परवडेल अशा भाड्याची घरं, शाळा, दवाखाना, थोडं मोकळं मैदान. असं लिहून मिळणार असेल, तर विमानं दुसरीकडे न्यावीत. नसेल, तर शिसं नसलेल्या इंधनावर ती तिथेच उडू द्यावीत. एकदा इमारती उभ्या राहिल्या, की चूक दुरुस्त करायला १८० एकर पुन्हा मिळणार नाहीत.