झाकलेली गाडी आणि सत्याचा प्रश्न

नवी मोटार बाजारात येण्याच्या बऱ्याच आधी रस्त्यावर येते, पण तोंड झाकून. चाकणच्या आसपास, पिंपरी-चिंचवडमध्ये किंवा मुंबई-पुणे मार्गावर अशी गाडी अधूनमधून दिसते. बॉनेटपासून डिकीपर्यंत काळ्या-पांढऱ्या वेटोळ्यांचे व्हायनल चिकटवलेले असते, दिव्यांभोवती काळी पट्टी असते, कंपनीचे चिन्ह दिसत नाही आणि मागे अनेकदा ‘ऑन टेस्ट’ अशी पाटी असते. पत्र्याची घडी नेमकी कुठे वळते हे डोळ्याला आणि कॅमेऱ्याला सहज कळू नये, अशी ही नक्षी बेतलेली असते. पहिल्या महायुद्धात १९१७ पासून नॉर्मन विल्किन्सन या चित्रकाराच्या कल्पनेनुसार ब्रिटिश जहाजांवर असेच पट्टे रंगवले जात. पट्ट्यांनी जहाज लपत नसे. त्याची दिशा आणि वेग यांचा पाणबुडीचा अंदाज चुकत असे. गाडीवर याखेरीज काही वेळा खोटे फुगवटे देणारी पॅनेलही बसवतात.

चाचणी सार्वजनिक रस्त्यावर घेण्यामागे सबळ कारण आहे. पुण्यात १९६६ पासून ‘एआरएआय’ ही वाहनसंशोधन संस्था आहे आणि इंदूरजवळ पिथमपूरला ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणीमार्ग आहे. तरी खड्डे, धूळ, घाटातला चढ, विदर्भातला मे महिन्याचा उन्हाळा आणि अचानक आडवे येणारे जनावर हे सारे एकत्र रस्त्यावरच भेटते. म्हणून खासगी वस्तूची परीक्षा सर्वांच्या जागेत होते, आणि परीक्षा घेणारा मात्र ती वस्तू सर्वांपासून झाकून ठेवतो. यातून नीतिविचारातला एक जुना प्रश्न उभा राहतो: झाकणे म्हणजे असत्य आहे का?

या प्रश्नाचे सर्वांत कडक उत्तर वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात आचरून पाहिले गेले. गांधीजी एप्रिल १९३६ मध्ये या गावी, तेव्हाच्या शेगावात, राहायला आले. आश्रमाच्या एकादश व्रतांत सत्य आणि अहिंसेबरोबर अस्तेय आणि अपरिग्रहही होते. माती-बांबूच्या, कवेलूंच्या छपराखालच्या बापूकुटीत भेटायला येणाऱ्यांची वर्दळ असे आणि सायंप्रार्थना उघड्या मैदानात होई. स्वातंत्र्यलढ्याचीही रीत हीच, उघडपणाची होती. मिठाच्या सत्याग्रहाची सूचना २ मार्च १९३० च्या पत्राने व्हाइसरॉयला आधीच दिली गेली. ब्रिटिशांनी भारत सोडावा असा ठराव काँग्रेस कार्यकारिणीने १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यात केला आणि तो उघडपणे जगापुढे ठेवला. त्यावर शिक्कामोर्तब करणारी मुंबईची ऑगस्टमधली बैठक त्यानंतरची. गुप्तता भीतीतून येते आणि भीती हिंसेकडे नेते, ही या आचरणामागची धारणा होती. तुरुंगातून सुटल्यावर १९४४ मध्ये गांधीजींनी भूमिगत कार्यकर्त्यांना उघड होण्याचा सल्ला दिला.

या भूमिकेला महाराष्ट्रातच तोलामोलाचा प्रतिवाद मिळाला. १९४२ च्या लढ्यातले नेते अच्युतराव पटवर्धन १९४६ पर्यंत भूमिगत राहिले, आणि सातारा भागात नाना पाटलांचे प्रतिसरकार गुप्ततेच्या आधारावर उभे होते. सत्ता अन्यायी असेल तर दुर्बळाने तिच्यापासून लपणे हे आत्मरक्षण आहे, असा या बाजूचा सारांश. महाभारतातल्या पांडवांनाही अज्ञातवासात विराटाच्या घरी वेषांतर करून राहावे लागले. पण या युक्तिवादाचा लाभ मोठ्या उद्योगाला मिळत नाही. त्याला प्राणाचे भय नसते; प्रतिस्पर्ध्याने नक्कल करू नये आणि शोरूममधल्या जुन्या मॉडेलची विक्री थांबू नये, एवढीच त्याची चिंता असते.

तरीही ही चिंता आपोआप असत्य ठरत नाही. पातंजल योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात सत्य वाणीची कसोटी दिली आहे: ती ऐकणाऱ्याला फसवणारी, भ्रमात टाकणारी किंवा अर्थशून्य नसावी, आणि प्राणिमात्रांच्या हिताची असावी. सगळे बोलून टाकलेच पाहिजे, अशी अट तिथे नाही. गांधीजी सोमवारी मौन पाळत. मौन पाळणारा काही बोलत नाही, पण खोटेही बोलत नाही. चट्ट्यापट्ट्यांची गाडी याच वर्गात बसते. आपण काहीतरी झाकतो आहोत, हे ती दुरूनच उघड सांगते. खोटा फुगवटा मात्र नसलेला आकार आहे असे भासवतो. तिथे झाकणे संपून फसवणे सुरू होते.

दुसरी कसोटी हिताची. रस्त्यावरचा पादचारी, सायकलवाला, बैलगाडीवाला हे या प्रयोगात न विचारता सामील झालेले असतात. दिव्याचा आकार त्यांच्यापासून लपवण्यात त्यांचे काही जात नाही. पण ब्रेक, टायर, चालकाची तयारी, अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, या गोष्टी त्यांच्या जिवाशी निगडित आहेत. सर्वांचा रस्ता वापरणाऱ्याला त्या झाकण्याचा नैतिक अधिकार नाही.

नवे यंत्र उघडपणे घडवता येते, याचे उदाहरण चरख्याचे आहे. अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. खेड्यातल्या झोपडीत तो हाताने किंवा पायाने चालावा, बाईला फारसे न थकता आठ तास चालवता यावा, तेवढ्या वेळात १६,००० वार सूत निघावे आणि किंमत १५० रुपयांवर जाऊ नये, अशा अटी छापून सर्वांपुढे ठेवल्या होत्या. पेटंट घेण्यास हरकत नव्हती, पण बक्षीस हवे तर त्याचे हक्क संघाच्या स्वाधीन करायचे होते. अटी पुऱ्या करणारा चरखा मिळाला नाही. तरी ज्यांच्यासाठी यंत्र, त्यांना त्याच्या कसोट्या आधी कळाव्यात, हे तत्त्व त्यातून स्थिर झाले.

प्रश्नाची एक बाजू पाहणाऱ्याचीही आहे. अस्तेय म्हणजे न दिलेले न घेणे. जे सार्वजनिक रस्त्यावर आणले ते नजरेला दिलेलेच आहे; फुटपाथवर उभे राहून त्याचा फोटो काढणे चोरी नव्हे. कारखान्याची भिंत चढणे, चालकाला पैसे देऊन व्हायनल उचलायला लावणे किंवा फोटोसाठी भरधाव पाठलाग करणे मात्र अस्तेय आणि अहिंसा दोन्ही मोडते. अपरिग्रहाचा प्रश्न आणखी खोल आहे: जी वस्तू अजून तयारही झालेली नाही तिची ओढ लावून घेतल्याने, असलेल्या वस्तूबद्दलचे समाधान हळूहळू सुटत जाते.

एकंदरीत, झाकणे हे स्वतःहून असत्य नाही. झाकल्याची कबुली असावी, झाकणाची मुदत असावी, आणि ज्यावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे ते झाकणाबाहेर असावे. या तीन अटी पाळल्या तर नवी गाडी झाकून चालवण्यात दोष नाही. त्यांतली शेवटची मोडली, तर पहिल्या दोन पाळूनही काही उपयोग नाही.