आवडीची जबाबदारी

दशक संपत आले की पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या जगात याद्यांचा हंगाम सुरू होतो. दहा वर्षांतले सर्वोत्तम शंभर अल्बम, दोनशे अल्बम, समीक्षकांनी निवडलेले, वाचकांनी निवडलेले. नियतकालिके याद्या छापतात, चाहते त्यांवर तावातावाने वाद घालतात आणि आपापल्या याद्या मांडतात. या साऱ्याकडे रिकामपणचा उद्योग म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. संगीत म्हणजे शर्यत नव्हे, मग पहिला आणि दुसरा कशासाठी, असा प्रश्न तर गंभीर श्रोतेच अधिक विचारतात. मला हा उद्योग महत्त्वाचा वाटतो. एरवी श्रोता आपल्या आवडीबद्दल कोणालाही उत्तर देणे लागत नाही. आवडले तर ऐकतो, नाही तर सोडून देतो. दशकाची यादी करायला बसला की मात्र त्याला निवडावे लागते, प्रिय असलेले काही वगळावे लागते आणि का वगळले हे निदान स्वतःला तरी सांगावे लागते. अशा वेळी आवडीला जबाबदारी चिकटते. ऐकण्याची मोजदाद यंत्रे करू लागल्यापासून या जबाबदारीची गरज कधी नव्हे एवढी वाढली आहे, असे माझे मत आहे.

यादी गाण्यांची नसून अल्बमची असते, याला अर्थ आहे. 1948 मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी बाजारात आणली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत सलग मावू लागले. सुरुवातीला या जागेचा उपयोग तयार गाणी एकत्र भरण्यासाठीच अधिक झाला. 1960 च्या दशकाच्या मध्यापासून मात्र कोणते गाणे कुठे यावे, पहिली बाजू कशावर संपावी, दोन गाण्यांमध्ये शांतता किती असावी, या गोष्टी रचनेचाच भाग बनल्या. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ 1967 चा. ज्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांनी काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस रागांच्या क्रमातून उभा केला, तोही त्याच काळातला. अशा कृतीचे मूल्य तिच्यातल्या सर्वांत सुरेल तुकड्यावरून ठरत नाही. चाळीस मिनिटांत ती आपल्याला कुठून कुठे नेते, कुठे पकड ढिली पडते, एखादी दुबळी जागा पुढच्या जागेला उठाव देते की नुसतीच दुबळी राहते, हे सगळे मनात धरूनच निवाडा करावा लागतो. अल्बमची यादी करणारा श्रोता अखंड कृती ऐकल्याची ग्वाही देत असतो.

म्हणूनच लोकप्रियतेची मोजणी आणि रसिकाची निवड यांत गल्लत होता कामा नये. मोजणीची परंपरा आपल्याला चांगली ठाऊक आहे. 1952 मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ अमीन सायानींच्या आवाजात घरोघर पोचली आणि वर्षाअखेरचा तिचा कार्यक्रम हा सिनेसंगीताचा जणू वार्षिक निकालच असे. कोणते गाणे लोकांच्या ओठांवर आहे, या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळे आणि त्या प्रश्नालाही स्वतःचे मोल आहे. पण कोणती कृती टिकावी असे मला वाटते, हा प्रश्न वेगळा आहे. ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको’ हा 1967 चा अल्बम त्या वेळी फारसा खपला नाही. निक ड्रेकने 1969 ते 1972 या काळात तीन अल्बम केले, त्यांना मोजकेच श्रोते मिळाले आणि 1974 मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तो वारला. विक्रीच्या आकड्यांत या दोघांना जागा नव्हती. त्यांची नावे टिकली ती काही समीक्षकांनी, संगीतकारांनी आणि चाहत्यांनी ती पुन्हा पुन्हा घेतली म्हणून. ‘पिंक मून’ हे गाणे 1999 मध्ये एका मोटारीच्या जाहिरातीत वाजले आणि निक ड्रेक लाखोंना माहीत झाला, पण त्या जाहिरातीपर्यंत त्याचे नाव जिवंत ठेवण्याचे काम पंचवीस वर्षे निवड करणाऱ्यांनी केले होते.

आज मोजणीचे रूप पालटले आहे. स्पॉटिफायसारखी सेवा डिसेंबरमध्ये प्रत्येकाला त्याच्या वर्षभराच्या ऐकण्याचा हिशेब देते आणि लोक तो आपली आवड म्हणून मिरवतात. पण काम करताना पाठीमागे वाजत राहिलेले संगीत आणि रात्री जागून कान देऊन ऐकलेले संगीत या हिशेबात सारख्याच वजनाचे ठरते. एखादा अल्बम इतका अस्वस्थ करणारा असतो की तो वर्षातून दोनदाच ऐकवतो, आणि तरीही त्या वर्षात त्याच्याइतके मोलाचे दुसरे काही नसते. अशा अल्बमला या हिशेबात स्थान नाही. शिवाय पुढे काय ऐकवायचे हे ठरवण्यासाठीही हीच मोजदाद वापरली जाते, त्यामुळे श्रोत्याची कालची सवय हीच त्याची उद्याची आवड बनत जाते. हा फेरा तोडण्याचा एक साधा उपाय म्हणजे आकडे बाजूला ठेवून, आठवून, पुन्हा ऐकून, स्वतः यादी करणे.

निवडीला शिस्त कशी लावता येते, याचे एक उत्तम उदाहरण न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकाने घालून दिले. समीक्षक रॉबर्ट क्रिस्गाऊ यांनी 1970 च्या दशकात तिथे रुजवलेल्या ‘पाझ अँड जॉप’ या वार्षिक मतदानात प्रत्येक समीक्षकाला दहा अल्बम निवडून त्यांत शंभर गुण वाटावे लागत. एका अल्बमला जास्तीत जास्त तीस, कमीत कमी पाच. नियम छोटा, पण त्याची पकड घट्ट. एकावर जीव ओवाळायचा तर इतरांच्या वाट्याचे गुण कमी करावे लागतात आणि सगळ्यांना खूश ठेवायचे तर आपल्या मताला धारच उरत नाही. आवड किती खरी आहे, हे तिच्यासाठी आपण काय सोडायला तयार आहोत यावरून कळते. दहा वर्षांच्या यादीत तर ही कसोटी अधिक कठीण होते, कारण दहाव्या वर्षी ऐकलेल्या ताज्या कृतीशेजारी पहिल्या वर्षाची, एव्हाना सवयीची झालेली कृती ठेवावी लागते.

यावर पहिला आक्षेप येतो तो दशकाच्या चौकटीवर. संगीत दिनदर्शिका पाहून बदलत नाही, हे खरेच आहे. ‘द क्लॅश’चा ‘लंडन कॉलिंग’ ब्रिटनमध्ये डिसेंबर 1979 मध्ये आला आणि अमेरिकेत जानेवारी 1980 मध्ये. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी नियतकालिकाने 1989 मध्ये त्याला ऐंशीच्या दशकातला सर्वोत्तम अल्बम ठरवले आणि ब्रिटनच्या श्रोत्यांच्या दृष्टीने तो त्या दशकातला नव्हताच. चौकट कृत्रिम आहे, हे यातून सिद्ध होते. ती निरुपयोगी आहे, हे मात्र सिद्ध होत नाही. दहा वर्षांत पहिल्या भेटीचा भर ओसरतो, जाहिरात विरते आणि तरीही काळाची आठवण ताजी असते. रेडिओहेडचा ‘किड ए’ 2000 मध्ये आला तेव्हा गिटारच्या जागी आलेले इलेक्ट्रॉनिक सूर ऐकून अनेक समीक्षक गोंधळले होते. 2009 मध्ये दशकाच्या याद्या निघाल्या तेव्हा ‘पिचफोर्क’ हे संगीताचे संकेतस्थळ आणि ‘रोलिंग स्टोन’ या एरवी वेगळ्या प्रकृतीच्या दोन्ही ठिकाणी तोच अग्रस्थानी होता. त्याच वेळी ब्रिटनच्या ‘एनएमई’ने ‘द स्ट्रोक्स’चा ‘इज धिस इट’ पहिला ठरवला, तर ‘पेस्ट’ने सुफ्यान स्टीव्हन्सचा ‘इलिनॉय’. ही मतभिन्नता याद्यांचे अपयश मानले जाते. मला ती त्यांची श्रीमंती वाटते. एकाच दशकाकडे तीन दिशांनी पाहता येते, हे वाद घालण्याजोग्या तीन ठोस निवडी समोर आल्यामुळेच कळले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. याद्या करणारे कोण असतात? ‘पिचफोर्क’ने 2012 मध्ये आपल्या वाचकांकडून आधीच्या पंधरा-सोळा वर्षांतले आवडते अल्बम मागवले तेव्हा मत देणाऱ्या दहाजणांपैकी जवळजवळ नऊजण पुरुष होते. त्याच प्रकाशनाने 2002 मध्ये केलेल्या ऐंशीच्या दशकाच्या यादीत सॉनिक यूथचा ‘डेड्रीम नेशन’ पहिला होता. 2018 मध्ये यादी नव्याने केली तेव्हा पहिले स्थान प्रिन्सच्या ‘पर्पल रेन’ला मिळाले आणि जुनी यादी संकुचित होती हे संपादकांनी मान्य केले. ‘रोलिंग स्टोन’च्या पाचशे अल्बमच्या यादीत 2003 मध्ये ‘सार्जंट पेपर्स’ अग्रस्थानी होता. 2020 मध्ये मतदार बदलले, तरुण आणि कृष्णवर्णीय कलावंत, स्त्री कलावंत मोठ्या संख्येने आले, आणि पहिल्या स्थानी मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ आला. जोनी मिचेलचा ‘ब्ल्यू’ तिसाव्या स्थानावरून तिसऱ्या स्थानावर गेला आणि तीनशेच्या पलीकडे असलेला लॉरिन हिलचा अल्बम पहिल्या दहांत. गुणवत्ता तीच, तबकड्या त्याच. बदलले ते मत देणारे. मग या याद्यांना अर्थ काय, असे विचारता येईल.

अर्थ असा, की पूर्वग्रह उघडा पडला तो यादी लिहिलेली होती म्हणून. न लिहिलेल्या आवडीतही तेच पूर्वग्रह असतात, कदाचित अधिक. पण त्यांना कोणी जाब विचारू शकत नाही. मैफलीतल्या गप्पांत, संग्रहाच्या कपाटांत, आकाशवाणीवर काय लावायचे या निर्णयांत कोण वगळले गेले, याचा पुरावा मागे राहत नाही. छापलेल्या यादीत तो राहतो. तिच्यात स्त्रिया किती, कोणत्या शैली, कोणत्या भाषा, हे सोळा वर्षांनीही मोजता येते आणि चूक सुधारता येते. यादी हा अंतिम निवाडा समजला तर तिचे बदलणे ही नामुष्की ठरेल. ती एका काळाच्या श्रोत्यांची साक्ष समजली तर तिचे बदलणे हीच तिची प्रामाणिकता ठरते. मात्र इथे एक पथ्य सांभाळायला हवे. जुन्या कीर्तीला शरण जाऊन केलेली यादी जशी खोटी, तशीच आजच्या वातावरणात शोभून दिसावी म्हणून जुळवलेलीही खोटीच. पूर्वग्रह घालवायचा तर न ऐकलेले ऐकावे लागते. न ऐकताच नाव घालून तो जात नाही. चाहत्याची कसोटी एकच, की यादीतल्या प्रत्येक नावाबद्दल त्याला दोन वाक्ये स्वतःच्या कानाने मिळवलेली बोलता आली पाहिजेत.

अल्बमचा जमानाच सरला, मग त्याच्या याद्या कशाला, असाही एक सूर आहे. 2003 मध्ये अॅपलने एकेक गाणे सुटे विकायला सुरुवात केली आणि पुढे मासिक वर्गणीच्या सेवांनी गाण्यांची सरमिसळ हीच ऐकण्याची रीत केली, हे खोटे नाही. पण कलावंतांनी अल्बम सोडलेला नाही. केंड्रिक लमारचा ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ 2015 चा, बियॉन्सेचा ‘लेमोनेड’ आणि फ्रँक ओशनचा ‘ब्लाँड’ 2016 चे. या सगळ्यांची बांधणी सलग ऐकण्यासाठी आहे. 2021 मध्ये अॅडेलच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचे गाणी उलटसुलट वाजवणारे बटण मागे सारले, तेही गाण्यांच्या क्रमाला अर्थ असतो म्हणूनच. कलावंत सलग कृती घडवत असताना श्रोत्यांनी तिचे सुटे भाग तेवढे उचलावेत, यात श्रोत्यांचेच नुकसान आहे.

हे नुकसान मराठीत आपण बराच काळ सोसत आलो आहोत. आपले ऐकणे मुळात गाण्याभोवती फिरते. गायक, कवी, संगीतकार, फार तर चित्रपट, या खुणांनी आपण गाणे लक्षात ठेवतो आणि ते ज्या संचात आले तो संच विसरतो. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांच्या ‘गारवा’त गाणी आणि कवितावाचन एकमेकांत गुंफलेले आहे, त्यातले एखादेच गाणे सुटे ऐकले की ती वीण दिसत नाही. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या ‘आयुष्यावर बोलू काही’ने या शतकाच्या पहिल्या दशकात मराठी कवितेला तरुण श्रोता मिळवून दिला; त्या यशाची चर्चा पुष्कळ झाली, पण संच म्हणून त्याचे बलाबल क्वचितच तपासले गेले. नाटकाची, कादंबरीची, कवितासंग्रहांची दशकवार चिकित्सा करणारी आपली समीक्षा ध्वनिमुद्रित संचांच्या बाबतीत गप्प राहिली. परिणाम असा, की सिनेमाचे पाठबळ नसलेले काम कॅसेट आणि सीडीबरोबरच दृष्टीआड होते आणि ते कोणी कसे घडवले, याची नोंद उरत नाही.

म्हणून मराठी रसिकांनी आपल्या दशकांच्या याद्या करायला हव्यात, आणि त्या करताना परक्या याद्यांच्या अनुभवातून शिकायला हवे. यादी स्वतःच्या नावाने करावी, म्हणजे मताची मालकी स्पष्ट राहील. दहाच संच निवडावेत, म्हणजे सोडण्याची किंमत मोजावी लागेल. प्रत्येकाचे कारण लिहावे, म्हणजे दुसऱ्याला ते खोडता येईल. गावातले, शहरातले, परदेशातले, वेगवेगळ्या वयांचे आणि थरांचे श्रोते त्यात यावेत, म्हणजे एका गटाची आवड सगळ्यांची म्हणून खपणार नाही. आणि दहा वर्षांनी तीच यादी पुन्हा करावी, जुनी न खोडता. श्रोता किती ऐकतो याचा हिशेब आज कंपन्यांपाशी आहे. त्याने काय ऐकले आणि त्यातले काय राखण्याजोगे आहे, हे सांगण्याचा अधिकार त्याचा स्वतःचा आहे. तो त्याने वापरला नाही, तर पुढच्या पिढीला आपल्या काळाचे संगीत विक्रीच्या आणि वाजण्याच्या आकड्यांवरूनच समजून घ्यावे लागेल आणि आपण नेमके कशावर प्रेम केले होते, हे त्यांना कळणार नाही.