आई घेत नाही म्हणे

पिल्लाचं नाव त्यांनी चिंटू ठेवलं, इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. पंखाला हळद फासली, आइस्क्रीमची काडी बांधली, ड्रॉपरने दूध पाजलं आणि मागे ते पियानोचं रडगाणं लावलं, तेव्हा मात्र मी फोन खाली ठेवला. मग पुन्हा उचलला, कारण रडगाण्याच्या आडून काहीतरी निराळंच ऐकू येत होतं. व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिलाच आहे. आता एकदा पिल्लाकडे न बघता बघा. मागच्या खिडकीच्या ग्रिलवर एक बुलबुल बसलाय, त्याच्या चोचीत हिरवी अळी लोंबतेय. दुसरा पलीकडच्या केबलवर, डोक्यावरचा तुरा ताठ, शेपटी झटकत नुसता कलकलाट करतोय. आणि घरातले लोक एकमेकांना सांगताहेत, "बिचाऱ्याला कुणी नाही हो."

आईबाप दोघेही दारात उभे आहेत, शिधा घेऊन. आणखी कोण हवं होतं?

पंख मोडल्याचं म्हणाल तर मला तो मोडलेला दिसला नाही. दोन्ही पंख अंगाशी सारखे मिटलेले, पाय भक्कम, नजर टवटवीत. शेपूट तेवढी बोटाच्या पेराएवढी, चोचीच्या कोपऱ्यांना अजून पिवळट कड. हे जखमी पाखरू नव्हे, शाळेत निघालेलं पोर आहे. बुलबुलाची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर साधारण दोन आठवड्यांच्या आतच घरटं सोडतात, आणि सोडतात तेव्हा त्यांना धड उडता येत नसतं. पुढचे काही दिवस झुडपात, कुंडीमागे, कुंपणावर धडपडत काढायचे आणि आईबापांनी जागेवर येऊन भरवायचं, अशीच ती रीत आहे. आपल्याला वाटतं, पडलं. ते पडलेलं नसतं, बाहेर पडलेलं असतं.

बरं, चूक कुणाचीही होते. ग्रिलवरचा कलकलाट ऐकून एखाद्याने पिल्लू उचललं असतं, समोरच्या तगरीच्या फांदीवर बसवलं असतं आणि खिडकी लावून घेतली असती, तर काम पाच मिनिटांत संपलं होतं. व्हिडिओखाली एक-दोघांनी तसं लिहिलंही. त्यावर जो एकमुखी निकाल आला, त्याने माझा आठवडा नासवला. निकाल असा : "आता काही उपयोग नाही. माणसाचा हात लागला की आई घेत नाही."

हे वाक्य म्हणणाऱ्याला मी नेहमी विचारतो, कुणी सांगितलं? उत्तर ठरलेलं, आजीने. आजीने तिन्हीसांजेला नखं कापू नकोस असंही सांगितलं होतं, ते कुणी पाळत नाही. हे मात्र इंजिनिअर पाळतात, डॉक्टर पाळतात, बाल्कनीत पाण्याचं भांडं टांगून स्वतःला पक्षीमित्र म्हणवणारे तर फारच निष्ठेने पाळतात. गावाकडे याची आणखी भयंकर आवृत्ती मिळते. तिथे माणसाने शिवलेल्या चिमणीला बाकीच्या चिमण्या टोचून मारतात म्हणे. म्हणजे आईने घेतलं नाही एवढ्यावर भागत नाही, जातपंचायतही बसते.

मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १९२७ पासून पाखरांच्या पायात कडी घालते आहे. जगभर अभ्यासक हेच करतात. घरट्यातली पिल्लं उचलायची, वजन करायचं, पायात कडं चढवायचं आणि परत ठेवायची. हात लागल्यावर आईबाप पिल्लं टाकून देत असते तर ही पद्धत पहिल्या वर्षीच बंद पडली असती. पाखरांना वास येतच नाही असं काही जण ठोकून देतात, तेही खरं नाही. न्यूझीलंडचा किवी तर वासावरच किडे हुडकतो. पण वास येणं वेगळं आणि वासापायी पोर टाकणं वेगळं.

एवढं लांब तरी कशाला जायचं? कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं टाकते आणि कावळा दुसऱ्याचं ते पोर भरवून मोठं करतो, हे आपण तिसरीच्या पुस्तकापासून ऐकत आलो. पावशाचं पिल्लू सातभाईंच्या घरात वाढतं. ज्यांना रंग वेगळा, आवाज वेगळा, आकार वेगळा असलेलं परकं पोर चालतं, त्यांना तुमच्या बोटांवरचा हँडवॉश तेवढा चालत नाही? आणि वासाचंच म्हणाल तर चिमणी आजोबांच्या फोटोमागे घरटं करायची, तेव्हा तिला घरातल्या फोडणीचा, उदबत्तीचा, आजोबांच्या तपकिरीचा वास येत नव्हता का? बुलबुल बाल्कनीतल्या मनीप्लांटमध्ये अंडी घालतो, घरट्याला आपल्याच झाडणीतले केस आणि दोरे लावतो. माणसाचा विटाळ मानणारं पाखरू शहरात राहिलंच नसतं.

विटाळ पाखरांचा नाहीच मुळी, तो आपला आहे. कावळा शिवला म्हणून बाईला तीन दिवस बाजूला बसवणारे आपण, आणि दहाव्याला तोच कावळा पिंडाला शिवावा म्हणून घाटावर उन्हात ताटकळत उभे राहणारेही आपणच. शिवण्या-न शिवण्याचा एवढा मोठा कारभार हातात असलेल्या लोकांना पाखरांच्या घरीही सोवळं दिसलं, यात नवल नाही. आपल्या देवघरातले नियम आपण त्यांच्या घरट्यात नेऊन ठेवले, आणि ती बिचारी ते पाळतात का, याची खात्री करून घ्यायचीही तसदी घेतली नाही.

या समजुतीत खरेपणा असलाच तर चिमूटभर आहे. घरट्यात अंडी असताना रोज डोकावलं, फांद्या बाजूला सारून फोटो काढले, की काही पक्षी घरटं सोडून जातात. पण ते हाताला कंटाळून नव्हे, त्रासाला. तेव्हा "हात लावू नका" ही पाटी लावायचीच असेल तर ती कॅमेऱ्यावर लावा.

ही सबब एवढी टिकून का आहे, त्याचं मला कौतुक वाटतं. ती दोन्ही बाजूंनी चालते. ज्याला खाली वाकायचं नाही तो म्हणतो, हात लावू नको, आई घेणार नाही. ज्याला पाखरू घरी ठेवायचं आहे तो म्हणतो, आता हात लागला, आपल्यालाच सांभाळलं पाहिजे. एकाला निघून जायला बरी, दुसऱ्याला बळकावायला बरी. बाकीच्या सबबी, म्हणजे मुलं ऐकत नाहीत, वनखात्याचा फोन लागत नाही वगैरे, हिच्यापुढे अगदीच कच्च्या.

फोन लागतो. निदान लावून बघावा. महाराष्ट्राच्या वनखात्याचा क्रमांक १९२६ आहे.

कारण खरोखरची जखमी पाखरंही घरी येतातच. पंख्याला आपटलेली, काचेवर धडकलेली. नायलॉनच्या मांजावर हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीला पंख चिरलेली पाखरं मिळायची थांबलेली नाहीत. मांजराच्या तोंडातून सोडवलेलं पिल्लू वरून धडधाकट दिसलं तरी त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं लागतं, मांजराच्या दातांतले जंतू पाखराला फार वेळ देत नाहीत. एक पंख लोंबतोय, रक्त आहे, पायावर उभं राहता येत नाही, तर पिल्लू जखमी समजावं. अशा वेळी बुटांचं खोकं घ्यायचं, झाकणाला भोकं पाडायची, आत मऊ सुती फडकं, आणि अंधाऱ्या, शांत, उबेच्या जागी ठेवून झाकण लावायचं. झाकण लावायचं म्हणजे लावायचं. दर दोन मिनिटांनी शेजारच्या मुलांना दाखवायचं नाही. पाखराला अंधारात धीर येतो, आपल्या प्रेमळ चेहऱ्याने येत नाही.

आणि चोचीत पाणी ओतू नका हो. पाखराच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं, ड्रॉपरचं पाणी सरळ फुप्फुसात जातं. दूध त्यांना पचत नाही. दुधात कुस्करलेली पोळी, भात, आणि मी हेही पाहिलंय, फरसाण, यांनी मेलेली पिल्लं मांजराच्या खात्यावर मांडली जातात. बुलबुल स्वतः फळं खाईल, पण पिल्लांना अळ्या-किडे आणून घालतो, उजाडल्यापासून मावळेपर्यंत, तासाला कितीतरी वेळा. तेवढी नोकरी करायची कुणाची तयारी आहे? चिंटूच्या घरच्यांची तरी होती का?

अगदीच उघडंबोडकं, पिसं न फुटलेलं पिल्लू खाली पडलं असेल तर ते खरं पडलेलं. हातात धरून ऊब द्यावी आणि घरट्यात ठेवावं. घरटं मोडलं असेल तर छोटी बांबूची टोपली नाहीतर तळाला भोकं पाडलेला श्रीखंडाचा डबा, आत वाळलं गवत, आणि सुतळीने त्याच झाडाला, सावलीत. मग लांब जाऊन बसावं. आईबाप येतात. हात लागलेला असतानाही येतात.

सिद्धार्थ आणि देवदत्ताची गोष्ट आपल्याला फार आवडते. हंस बाण मारणाऱ्याचा नाही, वाचवणाऱ्याचा. तिथे आपण थांबतो, कारण तिथे आपल्या नावावर सातबारा होतो. सिद्धार्थाने पुढे हंस सोडून दिला, त्याला पिंजरा आणला नाही, नाव ठेवलं नाही, पियानो लावला नाही. कायदाही वाचवणाऱ्याला मालकी देत नाही. वन्यजीव कुठूनही ताब्यात आला तर ४८ तासांत पोलिसांना नाहीतर वनखात्याला कळवावं लागतं. चिंटूच्या मालकांचा मात्र मधल्या काळात शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. सत्कार समितीला हा कायदा माहीत असण्याची शक्यता मी धरत नाही. शाली आपल्याकडे कायद्याहून लवकर पोहोचतात.

सत्कारासाठी माणसं हवीच असतील तर दिल्लीत नदीम आणि सौद हे दोघे भाऊ आहेत. घरच्या तळघरात ते वर्षानुवर्षं जखमी घारींवर उपचार करत आले. २०२२ साली त्यांच्यावरचा 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट आला आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. त्यांचं सुरू झालं ते असं, की जखमी घार घेऊन ते पाखरांच्या दवाखान्यात गेले, तर घार मांसाहारी म्हणून तिला घेतलं नाही. आपली दया अशीच असते, आधी ताटात डोकावते. चिंटूच्या जागी घारीचं पिल्लू असतं, वाकड्या चोचीचं, बोट फोडणारं, उंदीर मागणारं, तर व्हिडिओ तीस सेकंदांतच संपला असता.

पण मी तरी किती ताणू? खोक्याभोवती बसलेल्या पोराच्या डोळ्यांत पाणी असेल तर त्याला कलमं वाचून दाखवायला माझीही जीभ रेटणार नाही. पोराला एवढंच सांगावं की आई बाहेर आहे, तिला दे. फांदीवर ठेवलेलं पिल्लू मांजर नेईलही. पाखरांची बरीचशी पिल्लं पहिलं वर्ष बघत नाहीत, माणूस मध्ये पडो न पडो, आणि मांजरालाही घरी पिल्लं असतात. त्याचा हिशोब माझ्याकडे नाही.

माझ्याकडे सोसायटीचा आहे. पावसाळ्यापूर्वीची छाटणी गुरुवारी लागली आहे आणि दारातल्या बहाव्यावर बुलबुलाचं घरटं आहे, पिल्लांसकट. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपाखरांची घरटी विस्कटणंही येतं, हे सांगायला मी सेक्रेटरींना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "तुम्ही काळजीच करू नका. माणसांना बजावून ठेवतो, फांदी खुशाल तोडा, पण घरट्याला हात लावायचा नाही. हात लागला की आई घेत नाही ना!"

मी टोपली आणि सुतळी आणून ठेवली आहे. छाटणी पुढे ढकलायचा अर्ज अध्यक्षांकडे दिलाय, त्यांनी तो ग्रुपवर टाकलाय, आणि त्याखाली आतापर्यंत बारा जणांनी हात जोडलेत.